मागच्या दारातला आवाज

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या घरी गाडी आली. पांढरी, छोटी आणि माझी... कागदावर माझी आणि चालवणारीही मीच. घरात आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि सासूबाई. लायसन्स फक्त माझ्याकडं.

दुष्काळात गाडी कशाला, असं बरेच जण म्हणाले. पण मला इतका आनंद झाला होता की सकाळी दात घासताना खिडकीत उभी राहून मी गाडीच बघायची. धुवायचा तर प्रश्नच नव्हता. भांडी विसळलेल्या पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं आणि पुसायची.

लहानसहान दोष होतेच. गतिरोधक आला की समोरचा कप्पा आपोआप उघडायचा, मग मी त्यात कागदाची घडी अडकवली. माझ्या बाजूची काच खाली घेताना किंचाळायची. तेही चाललं असतं हो... पण एक आवाज काही सुटेना.

ब्रेक दाबला की मागून गदक. वळण घेतलं की पुन्हा गदक. जसं काही कुणीतरी मागच्या सीटवर बसून कूस बदलतंय.

डिकी रिकामी केली. स्टेपनी घट्ट केली. यांना मागं बसवून एकेक ठिकाणी हात दाबून धरायला लावला... बिचारे अख्खा औसा रोड हात फाकवून बसले. आवाज तसाच.

शोरूमवाल्या मुलानं गाडी आवारात हळूहळू फिरवली. आवाज नाही. मग गल्लीतच राहणारे माझे मोठे दीर आले, त्यांनीही अगदी जपून एक चक्कर मारली. तेव्हाही नाही. दोघांचं एकच मत पडलं, मॅडम ब्रेक जोरात दाबतात. दीर तर घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले की नवी गाडी बाईच्या हातात दिली की असंच होणार.

खरं सांगू... मलाही वाटायला लागलं की माझंच चुकत असेल. ब्रेकवर पाय ठेवताना भीती वाटायची. ज्या गाडीसाठी इतकी वर्षं वाट बघितली, तिच्यात बसायचा उत्साहच जायला लागला.

त्या रविवारी देगलूरला माहेरी जायचं होतं. वडिलांना गाडी दाखवायची होती आणि येताना त्यांच्या बोअरचं पाणी आणायचं होतं, म्हणून डिकीत रिकामे कॅन टाकले. सासूबाई पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला गाडीत बसणार होत्या. मांडीवर भाकरीचा डबा घेऊन त्या मागं, डाव्या दाराला टेकून बसल्या.

उदगीरला चहाला थांबलो. हॉटेलात उदगीर जिल्हा कधी होणार यावर जोरात चर्चा चालू होती. माझं लक्षच नव्हतं... वडिलांसमोर आवाज आला तर काय, एवढंच डोक्यात.

उदगीर सोडलं आणि समोर अचानक म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला. गदक.

मी आरशात बघितलं. सासूबाईंनी कान दाराला लावला होता.

"थांबीव गाडी," त्या म्हणाल्या. "हितं आत पाणी हाय."

हे हसले. म्हणाले, आई, अख्ख्या लातूरला पाणी न्हाई आणि आपल्या दारात कुठून येणार? पण सासूबाई हटेनात. त्या उन्हाळ्यात घरातले ड्रम हलवून, नुसत्या आवाजावरून पाणी कुठवर उरलंय ते त्याच सांगायच्या. मी गाडी बाजूला घेतली.

दार उघडून मी हलवलं. आतून स्पष्ट आवाज आला... पाण्याचाच. हे खाली वाकले. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, त्यांवर कंपनीतून आलेली पारदर्शक चिकटपट्टी तशीच राहिली होती. गाडी आम्हाला देण्याआधी शोरूममध्ये धुतली, ते पाणी काचेच्या फटीतून आत उतरलं आणि तिथंच अडकलं!

यांनी नखानं पट्टी ओढली आणि पाण्याची धार लागली.

मी नुसती बघत उभी. सासूबाईंनी मात्र भाकरी पदरात घेतल्या, रिकामा डबा दाराखाली धरला. डबा भरला की रस्त्याकडेच्या लहान कडुलिंबाला ओतायचा, पुन्हा धरायचा. शेवटचे थेंब पडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. एवढं पाणी मी रोज शहरभर फिरवत होते...

मग मी गाडी सुरू केली आणि मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा हे म्हणाले, आता माझी मान जाईल. देगलूरपर्यंत मी गाणी म्हणत गाडी चालवली. वडील गाडीभोवती फिरले, दारं उघडून बघितली, मग शेजारी बसले आणि म्हणाले, चल, बाजारातून एक चक्कर मार... सगळ्यांना दिसू दे.

दुसऱ्या दिवशी शोरूमवाल्यांनी बाकीच्या दारांच्याही पट्ट्या काढल्या आणि माफी मागितली. संध्याकाळी दीर आले, आवाजाचं काय झालं विचारलं. मी सांगायला तोंड उघडणार, तोच सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"दोष सुनंच्या हातात नव्हता रं," त्या म्हणाल्या. "दारात होता."

एवढंच बोलून आत गेल्या.

गाडी घेतल्याचा आनंद मोठा होताच... पण गाडी खरी माझी झाली ती त्या संध्याकाळी.