एका घराची एक चिठ्ठी

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाला चिठ्ठी लागते. बाहेरगावच्या ख्रिस्ती पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात, रेशनचं दुकान आहे का म्हणून विचारतात. हसू देत. जुन्या काळी आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी ही पद्धत घालून दिली. ते कधीच निघून गेले, त्यांच्या स्वतःच्या देशातही ती बंद पडली म्हणतात, पण रेवदंड्याच्या खाडीकाठची आमची बावीस घरांची मंडळी ती सोडायला तयार नाही. आम्ही हट्टी माणसं आहोत, आणि मी त्यात मागे नाही.

पद्धत सोपी आहे. वर्षातून चारदा प्रभुभोजन असतं, प्रभूच्या मेजेवरची भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. त्याआधीच्या आठवड्यात मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीनंच निवडून दिलेले पाच कारभारी, आपापल्या वाट्याच्या घरी जातात. चहा घेतात आणि एकच गोष्ट विचारतात, घरात शांती आहे का. कुणाचं कुणाशी बिनसलेलं असेल तर तिथल्या तिथे समेट करायला लावतात. नवरा-बायको भांडलेले असले तर त्यांना समोरासमोर बसवून हातात हात द्यायला लावतात आणि प्रार्थना करतात. मग एका घराची एक चिठ्ठी लिहितात, त्यावर मेजेला येणाऱ्या सगळ्यांची नावं. रविवारी ती चर्चच्या दारात द्यायची. माझे आई-बाबा प्रत्येक प्रभुभोजनाच्या तोंडावर इतके हमखास भांडायचे की आमच्याकडे येणारे वडील वेळ हाताशी ठेवूनच यायचे.

मी मोठी झाले, आई-बाबा गेले, घर माझ्याकडे आलं. आणि त्या घराला अकरा वर्षं दोन चिठ्ठ्या मिळत राहिल्या. एक माझी, एक भाडेकरूची.

भाडेकरू म्हणजे ती. मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे गाव मला बाई म्हणतं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिला गाव सिस्टर म्हणतं. आमची ओळख माणगावला झाली. मी डेंग्यूनं आडवी झाले होते आणि तिथल्या वॉर्डात ती मला दर दोन तासांनी पाणी पी म्हणून दटावत होती. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, पण तिच्यापुढे निमूट ग्लास रिकामा करायचे. पुढे तिनं आमच्या बाजूला बदली मागून घेतली आणि आपल्या जुन्या मंडळीचा दाखला घेऊन ती माझ्या घरी राहायला आली. ते दिवस आठवले की मला आजही सुख वाटतं.

दाखला दिला की नोंदीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना होता, कुटुंबप्रमुखाशी नातं. पेन माझ्या हातात होतं. शाळेत कळलं तर, मंडळीत कळलं तर, भावाला कळलं तर, असे सगळे तर एकदम डोक्यात उभे राहिले. मी लिहिलं, भाडेकरू. ती शेजारी उभी होती. तिनं वाचलं आणि खिडकीबाहेर वाळत घातलेल्या जवळ्याकडे बघत राहिली. घरी येताना मी तिला म्हटलं, तूर्तास असू दे. आमचं तूर्तास अकरा वर्षं चाललं.

हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत लोकांना वाटतं की मंडळीनंच दार लावलं असेल. आमच्या बाबतीत कडी मी घातली होती, तीही आतून.

आमच्या वाट्याचे वडील म्हणजे काका. सगळं आयुष्य लाँचवर सारंग म्हणून, सुकाणू धरण्यात गेलेलं, आता पंच्याहत्तरीला आलेले, पण चालणं अजून डोलतं. ते यायचे, पुढच्या खोलीत मला शांतीचं विचारायचे, एक चिठ्ठी लिहायचे. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून तिला हाक मारायचे, तिला विचारायचे, दुसरी लिहायचे. माझ्या स्वयंपाकघरात भाडेकरू रोज पोळ्या का लाटते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्यासारख्यांचं प्रेम आता गुन्हा नाही, ही कोर्टाच्या निकालाची बातमी टीव्हीवर आली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, आणि दाराची कडी वाजताच मी हात सोडवून घेतला होता. दारात दूधवाला होता.

मागच्या पावसाळ्यानंतर मंडळीनं कुटुंबांच्या फोटोंची पुस्तिका काढायचं ठरवलं. फोटोग्राफर काशीदच्या किनाऱ्यावर लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढणारा होता. त्यानं चर्चच्या पायऱ्यांवर एकेका घराला उभं करायला सुरुवात केली आणि नवऱ्यांना बायकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावून सगळ्या म्हाताऱ्यांना लाजवलं. आमची पाळी आली. फॅमिलीत कोण कोण, त्यानं विचारलं. मी एकटीच, म्हणाले मी. ती तिथेच होती. मी तिच्या हातात माझी पर्स आणि चष्म्याची डबी दिली आणि पायरीवर जाऊन उभी राहिले. फोटोत मी छान हसले आहे.

घरी आल्यावर तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि सांगितलं की या वेळी ती प्रभुभोजनाला येणार नाही. मी आधी समजूत काढली, मग चिडले. एवढ्याशा फोटोवरून, म्हटलं. ती आवाज चढवत नाही, तिचा तो स्वभावच नाही. ती म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या मेजेवर खोटं नाव लावून जेवते आहे. माझ्यानं आता होत नाही. तू जा." चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मला राग तिचा येत नव्हता, पण काढत तिच्यावरच होते. आणि भीती खरी होती. तिला मी ओळखते. ती एकदा मेजेवरून उठली असती तर पुढे मंडळीतून उठली असती, आणि त्यानंतर माझ्या घरातून उठायला तिला फार वेळ लागला नसता.

गुरुवारी संध्याकाळी काका आले. मी चहा दिला. घरात शांती हाय ना, त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं आणि तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. नाही काका, शांती नाही.

काकांनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं ते हेच काम करत आले आहेत, त्यांना विचार करावा लागत नाही. त्यांनी तिला बाहेर बोलावलं, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि आम्हाला बसवलं. आधी ती बोलली, मग मी बोलले, मग दोघी एकदम बोललो. पर्सचं निघालं, माणगावचं निघालं, दूधवाल्याचंही निघालं. काका मधे मधे मान हलवत होते आणि एकदा मला म्हणालेसुद्धा की बाई, तुमी ऐकून घेत न्हाय. शेवटी त्यांनी आमचे हात एकमेकींच्या हातात दिले आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, घरासाठी, घरातल्या चुलीसाठी, या दोघींच्या रागासाठी. आमेन झालं. त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं, वरच्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली तिचं लिहिलं. खाली सही केली.

मग त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि तिथेच थांबले. समेट केला की एक चिठ्ठी, हे हाताला पडलेलं वळण होतं. हात आपलं काम करून मोकळा झाला होता.

फाडून दोन लिहिणं सोपं होतं. त्यांनी फाडली नाही. चष्मा काढून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, भाडेकरूशी असं कोन भांडतं? मी माज्या बायकोशी भांडतो, तसं भांडलात तुमी."

हे मलाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, ती भाडेकरू नाही. कधीच नव्हती. तो शब्द मी लिहिला, आणि खोटा लिहिला. आम्ही दोघी एकमेकींच्या आहोत. लग्न झालेली माणसं असतात तशा."

निवलेला चहा काकांनी एका घोटात संपवला. मला यातलं समजतं असं ते म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता. त्यांनी एवढंच सांगितलं की हे शनिवारी वडीलमंडळापुढे ठेवावं लागेल, लपवून चालणार नाही. चिठ्ठी त्यांनी टेबलावरच्या मिठाच्या बरणीखाली सरकवली आणि डोलत निघून गेले.

शनिवारी मला बोलावणं आलं. मी शाळेत जाते तशी इस्त्रीची साडी नेसून गेले. बाहेरच्या बाकावर ती बसली, माझं म्हणणं उघड्या दारातून तिला ऐकू जाणार होतं. आत पाच वडील आणि नवीन आलेले तरुण पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू. सगळ्यात जास्त विरोध होता तो कचेरीतून निवृत्त झालेल्या वडिलांचा. माणूस वाईट नाही, माझ्या आईच्या आजारपणात रोज डबा आणून देणारा. पण नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. देवाचं वचन काय आणि लोक काय म्हणतील, यांवर ते बराच वेळ बोलले. मग त्यांचा स्वर मऊ झाला. मला म्हणाले, बाई, कुणाला तुमचं काही उकरायचं नाही. फॉर्मवर भाडेकरू लिहिलेलं आहेच. तुम्ही तेवढं पुन्हा एकदा तोंडानं सांगा, आपण दोन चिठ्ठ्या लिहू, हा विषय इथेच संपला. तुमची पेटी तुम्हीच वाजवा, पहिल्यासारखी.

उपासनेत पेटी मीच वाजवते, बाबांनंतर. खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. एका शब्दात सगळं जागच्या जागी बसणार होतं. पण दाराबाहेरच्या बाकाचा आवाज आला. ती उठून उभी राहिली होती. जाण्यासाठी की ऐकण्यासाठी, ते मला आतून दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "फॉर्म आणा. मी खोडते आणि खरं लिहिते. मग तुम्हाला पेटी काढून घ्यायची असेल तर घ्या. पण तिला मेजेवरून उठवायचं असेल तर दोघींना उठवा, कारण पाप असेल तर ते अर्धं माझं आहे, आणि खोटेपणा तर सगळाच माझा."

फॉर्म लगेच कुणी आणला नाही. पाळकसाहेबांनी काकांना विचारलं, चिठ्ठी मागे घेता का. काका म्हणाले की जे माझ्या वाट्याच्या सगळ्या घरांत विचारतो तेच तिथे विचारलं. शांती नव्हती, ती केली, मी केलेली प्रार्थना खोटी होती असं आता देवाला कसं सांगू. मला सगळं कळत न्हाय, पण त्या घरात भांडण झालं आनि मिटलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. मग वडिलांनी हात वर केले. तीन आमच्या बाजूनं, दोन विरुद्ध. मग फॉर्मही आला. मी बाहेर आले तेव्हा ती उभीच होती, बाकाची पाठ धरून. मी तिला फॉर्म दाखवला. भाडेकरू खोडून मी जोडीदार लिहिलं होतं, आणि माझं अक्षर घाईत वाकडंतिकडं आलं होतं. शिक्षिकेचं अक्षर आहे का हे, ती म्हणाली.

सगळं गोड झालं असं नाही. एक कुटुंब आता अलिबागच्या मंडळीत जातं. भावाचा फोन येत नाही. महिला संघातल्या दोघी-तिघी आमच्याशी बोलताना अजून आमच्या कपाळाकडे बघून बोलतात. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघते, मला घाई नाही. दोन विद्यार्थिनी मात्र शाळा सुटल्यावर माझ्याजवळ येऊन थांबल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि गेल्या. त्या का आल्या होत्या ते मला समजलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. आमच्यात भाकरीचं ताट बाकाच्या कडेच्या माणसाला देतात, मग ते हातोहात पुढे जातं, प्रत्येकानं घ्यायचं आणि शेजारच्यापुढे धरायचं. इतकी वर्षं मी पेटीपाशी बसायचे आणि माझा तुकडा मला शेवटी, एकटीला मिळायचा. ती मागच्या बाकावर असायची. त्या दिवशी गीत संपल्यावर मी पेटी मिटली, उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. आमच्या बाजूला ताट घेऊन आले ते कचेरीवाले वडील. विरोधात हात वर केलेला माणूस. त्यांनी क्षणभर ताट हातातच ठेवलं, मग खाली वाकून तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं, ताट आपल्या हातात घेतलं आणि माझ्याकडे वळली.

मला रडू कोसळलं. आवाज होऊ नये म्हणून मी तोंड दाबून धरलं, पण डोळ्यांना काही दिसेना, आणि भाकर कुठे आहे ते कळेना. बाक थांबला, मागचे बाक थांबले, ते वडील वाकलेले तसेच उभे राहिले. तिनं ताट मागे घेतलं नाही, पुढेही दिलं नाही. सगळ्या मंडळीच्या देखत ती ताट माझ्यापुढे धरून बसून राहिली, माझा हात वर येईपर्यंत.