तेजूच्या सूटची डावी शिवण

माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. रायपूरच्या शंकर नगरात माझं बुटिक आहे. अठरा वर्षांत दाराला कधी लिंबू-मिरची टांगली नाही, उलट टांगणाऱ्यांची टिंगलच केली. तरी लिहितेय, कारण हे पोटात ठेवणं आता जड झालंय.

गेल्या हिवाळ्यात नवा रायपूरला एका सिनेमाचं शूटिंग होतं. गोष्ट भविष्यातली… सुपारी घेऊन माणसं मारणारी एक बाई, अर्धी हाडामांसाची, अर्धी मशीन. भविष्यातलं शहर म्हणून त्यांना तिथले रुंद, रिकामे रस्ते आवडले. सेटचा खर्चच वाचला! हिरोइनऐवजी उड्या मारायला निवडली गेली माझी भाची तेजू, ज्युडो खेळणारी. तिचा काळा सूट शिवायचं काम माझ्याकडे आलं.

ताईचा, म्हणजे तेजूच्या आईचा, साफ नकार होता. मीच तिच्या मागे लागले. शेवटी म्हणाली, "तुह्या भरवशावर सोडून राहिली वं. पोट्टीले काही झालं तर मले तोंड नको दाखवू." मी हसून हो म्हटलं.

सूट तयार झाला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तर डाव्या कमरेवरची शिवण वीतभर उसवलेली. म्हटलं, मशीनचा ताण चुकला असेल. दुहेरी टीप मारली. संध्याकाळी पाहते तर… पुन्हा तिथेच! आता मी चिडले. जाड नायलॉनचा दोरा घेऊन हातानं शिवलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि सूट सेटवर नेला.

दुपारी तेजू तीन मजली मचाणावरून तारेच्या आधारानं उडी मारणार होती. तार अडकवायचा कमरेचा पट्टा आत, वरून सूट. ती शिडीपाशी उभी होती आणि मला दिसलं — डावी शिवण उघडी! तिच्या बुटाजवळ माझा दोरा पडला होता. अखंड. दोन्ही गाठी जशाच्या तशा. गाठ न सुटता दोरा कापडातून बाहेर येतो कसा?

सहायक दिग्दर्शक ओरडला, "दीदी, पहने-पहने ही सिल दो, धूप जा रही है!"

मी सुई ओवली. लग्नघरी कितीतरी नवरीमुलींचे ब्लाउज मी असेच अंगावर शिवलेत. पण तेजूनं माझा हात धरला. "नहीं मौसी, मम्मी पहने हुए कपड़े पे सुई नहीं चलाने देती." अंगावरचा कपडा शिवू नये, हा आमच्या आईचाही नियम. मी त्याला जन्मभर हसले. त्या दिवशी मात्र, का कोण जाणे, म्हटलं, "काढ."

तंबूत सूट उतरवला आणि आतला पट्टा दिसला. तारा बांधणाऱ्या माणसानं सकाळी कड्या, तार, सगळं तपासलं होतं. पण माझी नजर पडली शिंपिणीची, ती टाक्यांवरच जाते. डाव्या बाजूला, पट्ट्याच्या गादीखाली, शिलाई झिजून चार-पाच टाक्यांवर आली होती. बरोबर त्या उसवलेल्या शिवणीच्या खाली. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

तारा बांधणारा तर पट्टा पाहून कानाला हात लावत म्हणाला, "दीदी, ये पहले ही झटके में जाता."

नवा पट्टा आला. मी सूट टेबलावर ठेवून त्याच दोऱ्यानं तीच शिवण पुन्हा घातली. तेजूनं उडी मारली तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले, तर ती दोन्ही पायांवर उभी, आणि सगळे टाळ्या वाजवतायत. मी तिथेच भोकाड पसरलं.

पुढे त्याच सूटमध्ये तिनं कितीतरी उड्या मारल्या. शिवण तसूभर हलली नाही. मी मशीन तपासलं, कापड तपासलं, जुन्या कारागिरांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.

ताईला सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता ही पोरीला घरीच बसवणार. तेजूला तेव्हा दुसऱ्या सिनेमाचं बोलावणं आलेलं. पण ताई म्हणाली, "जाऊ दे तिले. तिच्या पाठीशी कोनी तरी हाय."

कोण, ते मला आजही सांगता येत नाही.