धक्क्याच्या अकरा पायऱ्या

आमच्या गावची ग्रामसभा पहिल्या खेपेला होतच नाही. नोटीस लागते, खुर्च्या मांडतात, माणसं येत नाहीत, आणि गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते. मग पुढच्या तारखेला जी काय सात-आठ डोकी येतील, त्यांच्यात सगळे ठराव पास. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मात्र दोन्ही सभांना जायचो. पहिलीला शिपाई, ग्रामसेवक आणि मी. चहा प्यायचा आणि घरी. घरी तरी कोण वाट बघत होतं?

नदीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडची होडी आमच्या धक्क्याला लागायची. चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. छपरांचे मंगलोरी नळे, मीठ, शाळेचे बाक, सगळं त्या पायऱ्या चढून गावात आलं. माझी बायकोसुद्धा. लग्न करून होडीतून उतरताना ती शेवाळावरून घसरली आणि सगळ्या वऱ्हाडादेखत तिने माझा हात घट्ट धरला. ती गेल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. गावाचा इतिहास लिहितोय, असं लोकांना सांगतो. कसला इतिहास! वही उघडीच राहते. तिच्याशिवाय करमत नाही, एवढंच खरं.

यंदा पंचायतीने घाट घातला, की धक्का पाडून तिथे संरक्षक भिंत बांधायची आणि वर गाड्या लावायला जागा करायची. मी हरकतीचा अर्ज लिहिला. सभेत उभा राहून वाचणार होतो. विशेष ग्रामसभेची नोटीस लागली ती नेमकी चतुर्थीतली. मुलगा, सून, नातवंडं मुंबईहून आलेली, घर भरलेलं. म्हटलं, पहिलीला कशाला मरायला जायचं? दर खेपेला मीच एकटा मूर्ख! तहकुबीला जाऊ.

त्या दिवशी मी पडवीत नारळ सोलत बसलो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, वायच भायर जावन येतंय." मित्रांबरोबर गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.

विसर्जन झालं, गाड्या भरभरून सगळे परत गेले. घर इतकं गप्प झालं की भांड्याचा आवाज झाला तरी मी दचकायचो. दोन दिवसांनी पंचायतीत जाऊन तहकूब सभेची तारीख विचारली. ग्रामसेवक हसला. "गुरुजी, सभा झाली की! हॉल पुरला नाही."

मुंबईला राहणाऱ्यांची नावं अजून गावच्याच मतदार यादीत आहेत, हे मी विसरलो होतो. चतुर्थीला सगळे घरी, दुपारी वेळ जात नाही, म्हणून झाडून सभेला गेले. गणपूर्ती झाली! ग्रामसेवकाने इतिवृत्ताचं रजिस्टर पुढे सरकवलं. धक्का पाडण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. जेसीबी परवा येणार. माझा अर्ज माझ्या खिशात.

आणि खाली, अनुमोदक म्हणून, माझ्या मुलाची सही. ते अक्षर मीच पाटीवर गिरवून घेतलेलं.

बाहेर येऊन त्याला फोन लावला. "अरे, धक्को पाडूक तू हात वर केलंस?"

"बाबा, गाडी लावूक जागा नाय म्हणान दरवर्षी तुमीच कावतास ना?"

कावतो. खोटं कसं म्हणू?

"तुझ्या आवशीचो धक्को रे तो!" माझा आवाज चढला.

"म्हणजे?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. होडी, शेवाळ, धरलेला हात. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धतच नाही. पंचायतीच्या दारात उभा राहून मी त्याला ते पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, ह्या आधी कित्याक नाय सांगल्यात?"

मी "जेवलंस मा?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.