आईची भरलेली बाटली

नागपूरची माणसं उन्हाला घाबरत नाहीत, हा आमच्या घरातला एक उगाचचा तोरा आहे. आई अमेरिकेत रेडमंडला माझ्याकडे आली आणि इथल्या ढगाळ हवेला महिन्याभरात कंटाळली, तेव्हा त्याच तोऱ्यात मी युटाच्या वाळवंटातली एक छोटी टूर बुक केली. सहा प्रवासी, एक गाइड, एक मोठी गाडी, तीन दिवस तंबूत मुक्काम. डांबरी रस्ता सोडून अडीच तास आत. तिथे फोन लागत नाही, याचं मला तेव्हा कौतुकच वाटत होतं.

निघताना गाइडने दोन गोष्टी बजावल्या. दर अर्ध्या तासाला पाणी प्यायचं. आणि बाथरूम नाही, तेव्हा झुडपामागे जायचं. पन्नाशीचा शांत माणूस, त्याने हे अगदी सहज सांगितलं. आई कसनुसं हसली. मी म्हटलं, "इथे सगळेच जातात गं, कुणी बघत नाही." तिने मान डोलावली आणि मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालत होतो. आई मागे पडली. मी परत गेले, तर ती दगडावर बसली होती. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"पाणी पी ना आई."

"प्यायलेय."

"कधी?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "ताई, गॅस बंद केलास का?"

ताई म्हणजे माझी मावशी. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मी तिची बाटली उचलली. काठोकाठ भरलेली. सकाळपासून तिला ती बाटली तोंडाला लावताना मी दहा वेळा तरी बघितलं होतं. ती नुसतं नाटक करत होती, परक्या पुरुषांच्या देखत झुडपामागे जावं लागू नये म्हणून. एसटीच्या लांबच्या प्रवासात, लग्नाच्या बसमध्ये तिने जन्मभर हेच केलं. मीही कॉलेजात असताना केलंय. मला न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, तरी मला कळलं नाही. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

गाइडने तिला उचलून सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं आणि खिशातल्या सॅटेलाइट यंत्रावरून मदत मागवली. ती यायला किमान दोन तास लागणार होते. आईला नीट गिळता येतंय ना हे बघून तो मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहिला. मी टोपीने वारा घालत होते.

"शी विल बी ओके, राइट?" मी विचारलं.

तो हो म्हणाला नाही. तिला लघवी झाली, म्हणजे किडन्या चालू आहेत असं दिसलं, तर मला जरा बरं वाटेल, एवढंच म्हणाला.

मग आम्ही सगळे त्याचीच वाट बघत बसलो. मी सारखी घड्याळ बघत होते. पाऊण तासाने आईने मला माझ्या नावाने हाक मारली, तेव्हा जरा जिवात जीव आला. मी तिला गाइडचं म्हणणं सांगितलं.

"इथे नको. हॉटेलवर जाऊन बघू."

"हॉटेल नाहीये आई."

"मग राहू दे."

मी तिच्यावर ओरडले. मरायचंय का तुला, असं म्हणाले. इतकी घाबरले होते की तोंडून दुसरं काही निघेना. ती उठायला लागली.

ग्रुपमधल्या दोन बहिणींनी न सांगता टॉवेल धरून आडोसा केला. पुरुष लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. मी आईला दोन्ही हातांनी धरलं, तोंड दुसरीकडे वळवलं आणि श्वास रोखून ऐकत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग वाळूवर अगदी बारीकसा आवाज झाला.

मला रडू फुटलं, आवरेना.

"सॉरी गं," आई खालून हळूच म्हणाली, "तुला लाज आणली मी."