लाल विमान, पिवळं विमान आणि ईदचा चंद्र

आमच्या घरात विमान कंपन्यांना नावं नाहीत, रंग आहेत. एक लाल, एक पिवळी. हे बारसं बायकोनं केलं. मी जवळजवळ महिनाभर रोज जेवताना दोन्ही कंपन्यांची तुलना वाचून दाखवत होतो आणि तिला ती नावं लक्षात ठेवायची नव्हती. "लाल की पिवळी, एवढंच सांगा आणि आमटी घ्या," असं तिचं म्हणणं असायचं.

आम्हाला बुडापेस्टला जायचं होतं. युरोप बघायला नाही, मुलीला बघायला. ती तिथं शिकायला गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. फोनवर रोज बोलायची. मराठीत सुरू करायची, दोन वाक्यांनंतर इंग्रजीत जायची, कारण इथे ओमानमध्ये, सलालाहच्या शाळेत वाढलेल्या मुलांचं मराठी तेवढंच पुरतं. एकदा मात्र सबंध मराठीत म्हणाली, "आई, मला इथे झोप होत नाही. खूप दिवस नाही झाली." दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "ऑल ओके, चिल." बायकोनं फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. चौथी पोळी लाटताना म्हणाली, "एकदा बघून यायला हवं."

आमच्या घरात ती असं बोलली की तो ठराव पास झालेला असतो. अंमलबजावणी माझ्याकडे येते.

अडचण रजेची होती. माझी वर्षाची रजा वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी पुण्यात संपली होती. बायको इथल्या भारतीय शाळेत शिकवते, तिचं नवीन वर्ष ईद झाली की लगेच सुरू होणार होतं. म्हणजे उरली ती रमजान ईदची सुट्टी. तेवढ्यात जायचं, पोरीला बघायचं आणि यायचं. सलालाहहून थेट विमान नाही, मध्ये दुसऱ्या एका आखाती शहरात बदलावं लागतं, आणि एवढ्या कमी दिवसांत कुठलं विमान किती वेळ खातं यावरच सगळं ठरणार होतं.

लाल विमान मध्ये फारसं थांबत नव्हतं. पण त्यात सीटखाली मावेल एवढीच पिशवी नेता येणार, आणि एकदा तिकीट काढलं की काढलं. तारीख बदलणार नाही, पैसे परत नाहीत. पिवळ्या विमानात मोठी बॅग नेता यायची, तारीखही बदलता यायची. मात्र मधल्या शहरात ते इतका वेळ बसवून ठेवायचं की जाताना एक दिवस आणि येताना एक दिवस तिथल्या खुर्च्यांवरच गेला असता.

मी इंजिनिअर माणूस. बंदरावर क्रेन दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे कुठलाही निर्णय तक्ता केल्याशिवाय घेत नाही. तक्ता केला. मग लक्षात आलं की आपण बघेपर्यंत भाडं बदलतं. कुणीतरी सांगितलं, दुसऱ्याच्या फोनवरून बघितलं की कमी दिसतं. बायकोच्या फोनवरून बघितलं, तर जास्त दिसलं. ती म्हणाली, "माझा चेहरा तसा श्रीमंत आहे." लाल कंपनीनं एका पानावर विचारलं की आपल्याला सहप्रवाशाच्या शेजारी बसायला आवडेल का, त्याचे वेगळे पडतील. मी बायकोकडे बघितलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं बसतेय शेजारी. जरा लांब बसू."

तिचा कल खरं तर पिवळ्याकडे होता. मोठी बॅग म्हणजे भाजणी, मेतकूट, लाडू, सगळं नेता आलं असतं. शिवाय तारीख बदलण्याची सोय. "ईदचं काही सांगता येत नाही इथे," ती म्हणाली. "ऐन वेळी ठरतं."

"अगं, कॅलेंडरमध्ये छापलंय," मी म्हटलं.

दर डिसेंबरात पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून येणारं मराठी कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं. एकादशी, चतुर्थी, दूधवाल्याचा हिशोब, सगळं त्यावर. त्यात सोमवारच्या चौकोनात रमजान ईद असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते बोट ठेवून दाखवलं. सोमवारी सकाळी निघायचं, शनिवारी परत. मधले जवळजवळ सगळे दिवस पोरीचे. लाल विमानाची दोन तिकिटं काढली आणि फार दिवसांनी शांत झोपलो. व्हिसासाठी मस्कतच्या दोन फेऱ्या झाल्या त्याचाही शीण वाटला नाही.

काही दिवसांनी सुट्टीचं पत्रक आलं. ईद सोमवारी झाली तर सुट्टी लांब, ऑफिस एकदम पुढच्या रविवारी. चंद्र शनिवारीच दिसला आणि ईद रविवारी झाली, तर बुधवारी कामावर हजर.

माझ्या शेजारच्या टेबलावर इब्रा गावचा एक ओमानी सहकारी बसतो. त्याचं हिंदी माझ्याहून बरं आहे. यंदा ईदची ड्यूटी त्याच्या वाट्याला आली होती. आमचं ठरलं होतं ते असं: ईदभर तो बंदर सांभाळेल, ऑफिस उघडेल त्या दिवशी सकाळी मी हजर होईन आणि तो गाडी काढून इब्राला आईकडे जाईल. सलालाहपासून इब्रा म्हणजे दिवसभराचं वाळवंट. आई म्हातारी, वाट बघत बसलेली.

"सोमवारीच आहे ईद," मी त्याला म्हटलं. "कॅलेंडरमध्ये आहे."

"कुठल्या?"

"आमच्या. पुण्याच्या."

तो बराच वेळ माझ्याकडे प्रेमानं बघत राहिला. "भाई," तो म्हणाला, "तुझा चंद्र पुण्यात उगवतो. माझा इथे बघावा लागतो. इन्शाल्ला सोमवार."

घरी येऊन बायकोला सांगितलं. भांडी आवरताना ती म्हणाली, "त्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळसुद्धा मुंबईची असते. मी दर चतुर्थीला इथल्या चंद्राची वेगळी वाट बघते. तुम्ही पानावर बसून विचारता, अजून कसा नाही उगवला."

इतकी वर्षं ओमानमध्ये राहून ईद मराठी कॅलेंडरवरून ठरवणारा माणूस बंदरावर दुसरा कुणी नसेल.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. पश्चिमेला नारळाच्या बागांवर आकाश पिवळट झालेलं, खाली रस्ता एकदम रिकामा, कारण सगळे उपास सोडायला बसलेले. बायको आयुष्यभर संकष्टीला उपाशी पोटी चंद्राची वाट बघत आली आहे. मुलगी लहान असताना तिला कडेवर घेऊन याच गच्चीवर यायची, आणि ढग आले की दोघी मिळून त्याला रागवायच्या. आज पहिल्यांदाच आम्ही तो दिसू नये म्हणून उभे होतो.

"नाहीये," मी दर थोड्या वेळानं म्हणत होतो. "काही नाहीये. सोमवार पक्का."

ती बागेच्या टोकाकडे बघत उभी होती. अंधारून आलं. मी निश्चिंत होऊन खाली जायला वळलो, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतून पोरांचा एकच गलका झाला आणि माझा फोन वाजला. इब्रावाल्या मित्राचा निरोप. ईद मुबारक, उद्या.

"तुला दिसला होता?" मी विचारलं.

"मघाशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, मी नाही सांगितलं तर कदाचित कुणालाच दिसणार नाही."

आम्ही तिथंच टाकीच्या कठड्यावर बसलो. मी नवीन तक्ता करायला लागलो, तोंडी. सोमवारी जाऊन मंगळवारी परत आलो तर? नवं तिकीट काढलं तर? इब्रावाल्या मित्राला फोन केला तर? ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्याला विचारू नका."

मलाही तेच वाटत होतं. विचारलं असतं तर तो त्याच्या अरबीत खलास, म्हणजे ठरलं, जा म्हणाला असता. म्हणूनच विचारता येत नव्हतं. तिकडेही एक आई होती.

"मी एकटी जाते," ती म्हणाली.

माझी बायको कधी एकटी विमानानं गेली नव्हती. फॉर्म भरणं, गेट शोधणं ही माझी खाती, आणि त्या खात्यांवर माझा दरारा आहे असं मी समजत होतो. तिनं तिथंच मुख्याध्यापिकांना फोन लावला. ईदच्या शुभेच्छा दिल्या, मग म्हणाली, "मॅडम, नवीन वर्गाचे पहिले दोन दिवस मी नसेन. बिनपगारी धरा." पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. ती म्हणाली, "हो मॅडम, मला कल्पना आहे. पण मुलगी झोपत नाहीये." आणि पुन्हा, "नाही, आजारी नाही. झोपत नाहीये." मग बराच वेळ ऐकून, थँक्यू म्हणून फोन ठेवला.

रविवारी तिनं ती सीटखालची पिशवी भरली. भाजणी आणि मेतकूट आत गेलं, तिचे स्वतःचे कपडे बाहेर आले. "तिथे पोरीचे घालीन," ती म्हणाली. मी तिला गेट कसं शोधायचं ते समजावत होतो. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, जसं ती वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं ऐकत असेल.

सोमवारी विमानातून तिचा निरोप आला. 'पैसे न देता शेजारचीच सीट दिली होती तुम्हाला. रिकामी आहे. पिशवी ठेवलीय. पाय मोकळे करून बसलेय.'

बुधवारी सकाळी मी कामावर हजर झालो. इब्रावाल्या मित्रानं चाव्या दिल्या. मी बुडापेस्टला न जाता इथेच कसा, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं, मग रिकाम्या हातानं माझा खांदा दाबला आणि गाडीत बसून निघून गेला. दिवसभर एकच क्रेन कुरकुरत होती. तिच्याशी माझं बरं जमलं.

दुपारी मुलीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"बाबा, आई बोलता बोलता झोपली. माझ्या बेडवर."

"दुपार आहे ना तिकडे. पुण्याची सवय."

"अख्खा बेड घेतलाय तिनं. मी कुठे झोपू?"

"सरकव तिला."

थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. "सरकत नाहीये."

"ती कधीच सरकत नाही. तूच कडेला मावून घे. मी तेच करतो."

ती हसली. मग गादीचा आवाज, पांघरुणाचा आवाज. लाल की पिवळी, तारीख बदलता येते की नाही, हे सगळं मला त्या क्षणी फार लांबचं वाटलं, आणि एकदम खूप थकलोय असं जाणवलं.

"बाबा, आईनं माझाच टीशर्ट घातलाय. भाजणीचा वास येतोय त्याला."

"बरं."

ती पुढे काहीतरी सांगत होती, इंग्रजीत नव्हतं, नीट मराठीतही नव्हतं. मग वाक्य मध्येच थांबलं. फोन तिनं बंद केला नव्हता. मी बराच वेळ तो कानाला लावून बसलो. पलीकडून दोघींचा श्वास ऐकू येत होता, आणि एकीचं बारीक घोरणं. ते कुणाचं, हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. दुसरीचा श्वास सावकाश होत होत त्याच्या चालीत येऊन मिसळला, तेव्हा मी फोन ठेवला.