मिसुरीचं टोकन आणि आईचा सौदा

लोक कर चुकवतात, मी कर जमवतो. फार पूर्वी अमेरिकेत छोट्या खरेदीवरचा विक्रीकर एका सेंटपेक्षाही कमी व्हायचा, म्हणून काही राज्यांनी तेवढ्यासाठी जस्ताची, अ‍ॅल्युमिनियमची, चक्क पुठ्ठ्याची टोकनं काढली होती. ती मी जमवतो. (अशा माणसाशी लग्न कसं केलंस, असं माझ्या बायकोला, सायलीला, सगळेच विचारतात. ती म्हणते, लग्न ठरताना हे लपवलं होतं.)

कोरोनाच्या आधी आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडली. मी घरातच लॅपटॉपला चिकटलेला. बाहेर पडायला तिला एकच ठिकाण उरलं, कोपऱ्यावरचं सुपरमार्केट. तिथे प्रत्येकाने ट्रॉली घेतलीच पाहिजे असा नियम झाला होता, आणि ट्रॉली सुटायला तिच्या खाचेत नाणं घालावं लागतं. आमच्या घरात नाणं औषधालाही नव्हतं, कारण सगळा व्यवहार कार्डावर. हा प्रश्न आईने कसा सोडवला असेल, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

त्या रविवारी आमच्या टोकनवाल्यांच्या क्लबाची व्हिडिओ मीटिंग होती आणि मिसुरी राज्याचं जस्ताचं टोकन दाखवायचा मान माझा होता. त्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं. क्लबाचा अध्यक्ष हेंक आमच्याच गावचा, पण लॉकडाऊनमुळे आमची ओळख फक्त स्क्रीनवरची. माणूस भारी कडक. टोकन कुठून, कसं मिळालं, हे सगळ्यांसमोर सांगायला लावतो. शनिवारी मी डबी उघडली, तर मिसुरीची जागा रिकामी.

"आई, यातलं एक टोकन कुठे गेलं?"

"ते होय? ट्रॉलीला लावत होते मी, आठवडाभर."

मी बाकीची टोकनं मोजायला लागलो.

"बरोब्बर बसतं बघ. बाकीची नाही बसत. सगळी लावून बघितली."

"सगळी?"

"मग! एक तर असं अडकलं, तिथल्या बाईने पक्कडीने ओढून काढलं."

सायली हसायला स्वयंपाकघरात निघून गेली.

"मग मिसुरीचं कुठंय?"

आईचा चेहरा खुलला. "अरे, काल मी ट्रॉली परत ठेवायला निघाले होते, तर एक माणूस समोर आला. काहीतरी बोलला, माझी ट्रॉली घेतली आणि हातावर पन्नास सेंट ठेवले. तुझं ते खोटं गेलं, खरं आलं. मी मुकाट्याने घरी आले, उगाच त्याचा विचार बदलायला नको."

"दिसायला कसा होता?"

"मास्क होता रे. उंच होता."

(नेदरलँड्समध्ये उंच माणूस शोधायचा. झालंच मग.)

मी तडक सुपरमार्केट गाठलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ट्रॉलीच्या खाचेत डोकावत उभा राहिलो, दीड मीटर अंतर राखून. लोक ट्रॉली छातीशी धरून लांबून जायला लागले. शेवटी एका आजीबाईंना माझी दया आली. त्यांनी पन्नास सेंटचं नाणं माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं, मान हलवली आणि निघून गेल्या. नाणं खिशात टाकलं आणि घरी आलो.

रविवारी मीटिंगमध्ये मी तोंड पाडून बसलो होतो. माझी पाळी यायच्या आधीच हेंक म्हणाला, "आधी एक चमत्कार दाखवतो." आणि त्याने कॅमेऱ्यासमोर माझं मिसुरी धरलं! म्हणे, आमच्या गावात, सुपरमार्केटच्या ट्रॉलीत सापडलं. त्याचा अंदाज होता की महायुद्धात इथे आलेल्या एखाद्या अमेरिकन सैनिकाच्या खिशातून ते पडलं असावं. सगळे थक्क. मला तर वाटलं, शांतपणे लॅपटॉप मिटावा. तेवढ्यात आई चहा घेऊन मागे आली.

"अरे, आवाज तोच आहे! हाच माझा पन्नास सेंटवाला."

तिने हात हलवला. हेंकने तिला ओळखलं, त्यानेही हलवला. मग मला सगळं सांगावंच लागलं. सैनिक वारला, आई उरली.

"मी तिला पन्नास सेंट दिले होते," हेंक म्हणाला. "तेवढे आणून दे आणि टोकन घेऊन जा."

मी आईपुढे हात पसरला. "मुळीच नाही," ती म्हणाली. "झालेला सौदा मोडायचा नसतो. आणि मी ते देवापुढे ठेवलेत." घरात दुसरं नाणं नव्हतं. मग मला जॅकेटच्या खिशातलं ते नाणं आठवलं, आणि ते कुठून आलं हेही दोघींना सांगावं लागलं. सायली पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी हेंकच्या पायरीवर मी नाणं ठेवलं आणि मागे सरकलो. त्याने टोकन ठेवलं आणि तोही मागे सरकला. मला इतका आनंद झाला होता की मास्कच्या आत मी चक्क गुणगुणत होतो.

"पुढच्या मीटिंगला तूच दाखव हे," हेंक म्हणाला. "फक्त परत कसं मिळवलंस ते नीट सांग."

आईला ते मराठीत सांगून मी शब्द जुळवायला लागलो. पाय मोकळे करायला बरोबर आलेली आई मागून म्हणाली, "सांग की. ट्रॉल्यांपाशी भीक मागून."