तीन वीत, चार बोटं

बाजीरावांची जीप वडिवळ्याहून कामशेतला निघाली, की उंबराच्या चढाशी थांबायची आणि निम्मी माणसं खाली उतरायची. गाडी भरलेली असली, की तो चढ जुन्या इंजिनाला झेपत नसे. उतरायचं झालं की चालकाच्या घरचं माणूस आधी उतरे. बायकोला बसवून ठेवलं आणि परक्यांना चालायला लावलं, असं कुणी म्हणू नये म्हणून बाजीरावांनीच हा रिवाज पाडला होता.

भागुबाई वर्षानुवर्षं आधी उतरत आल्या. या दिवाळीनंतर मात्र त्यांचे गुडघे धरले आणि त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जायचा नेम सुटला. "घरातनं बी हात जोडता येत्यात," असं त्या म्हणत. ते ऐकलं की बाजीराव अर्ध्या भाकरीवरून उठत.

म्हणून नव्या इंजिनाचा विचार. मुलगा समर्थ लोणावळ्याला हॉटेलात कामाला. तो म्हणाला, "आबा, विकून टाका ती गाडी." कागदपत्रं करणारा एजंट म्हणाला, इंजिन बदललं तर परवानगी काढावी लागेल, तपासणी होईल. शेजारचे सुहासभाऊ म्हणाले, "म्हाताऱ्याला जावयाचे दात बसवून काय व्हनार?" जो तो बोलून मोकळा होई आणि बाजीराव होते तिथेच.

एके दिवशी कामशेतचा मेस्त्री केरबा याचा फोन आला. तळेगावच्या भंगारात एका अपघाती पिकअपचं इंजिन होतं, नवंकोरं म्हणावं असं. टेप गॅरेजात राहिली म्हणून त्याने वितीनेच मोजलं होतं. "लांबी तीन वीत, दोन बोटं. तुमच्याकडं जागा किती?"

बाजीरावांनी अंगणात बोनेट उघडलं, शेताचा वाफा मोजावा तसं आपल्या वितीने मोजलं. तीन वीत, चार बोटं. "बसतंय," त्यांनी कळवलं, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

इंजिन गॅरेजात आलं. केरबाने टेप लावली, पुन्हा लावली, मग बाजीरावांचा पंजा धरून आपल्या पंजावर ठेवला. बाजीरावांचं बोट त्याच्या वरच्या पेरापर्यंतही पोचत नव्हतं.

"भाऊ, ही वीत हाय का चिमूट?"

"तू राकीस हायस, त्यात माझा काय दोष? आता काय करायचं?"

"पुढची पट्टी कापू. रेडिएटर पुढं ढकलू."

"आन् तपासणीत अडली तर?"

"तर मग अडली," केरबा म्हणाला.

बाजीराव जुनंच इंजिन घेऊन परतले. दोन्ही बाजूंनी कोंडी. कापावी तर गाडी कायमची दारात उभी राहायची भीती, न कापावी तर भागुबाई घरातच. पुढचे कितीतरी दिवस ते गिअरवर राग काढत राहिले.

एका सकाळी चढाशी गाडी थांबली. उतरता उतरता रोज गाडीने येणाऱ्या, वयाने थोरल्या आक्काबाईंनी विचारलं, "येवढा का धुसफुसतोयस? कशाला पायजे तुला नवं इंजिन?"

"भागूसाटी. तिला उतराया नगं."

"मग नगं उतरू दे. आमी उतरतोय की."

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हंजी आमीच. आमी कवा काय म्हनलो?"

बाजीरावांना हायसं वाटायला हवं होतं. उलट ते आणखी चिडले. घरी येऊन म्हणाले, "इतके दिस कुनी तोंड उघडलं न्हाई."

"तुमी कुनाला इचारलं?" भागुबाई म्हणाल्या. "गॅरेजवाल्याला."

केरबाला फोन गेला, इंजिन दुसऱ्याला दे. तिकडून त्याने बरंच ऐकवलं. बाजीरावांनी मध्येच फोन ठेवला.

गुरुवारी भागुबाई पुढच्या सीटवर बसल्या. चढ आला तसा त्यांचा हात सवयीने दाराकडे गेला. आक्काबाईंनी बाहेरून दार दाबून धरलं. जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत, धूर ओकत वर गेली. वर थांबल्यावरही भागुबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मागून येणाऱ्या बायकांकडे त्यांना बघवेना. बाजीराव स्टिअरिंगवर बोटं आपटत होते.

आक्काबाई धापा टाकत पोचल्या. "सरक," त्या म्हणाल्या, आणि भागुबाईंच्या शेजारी चढून बसल्या.